खाटेखालचे बूट

टीव्हीवर माझ्या मुलाचं नाव वाचलं गेलं तेव्हा तो त्या आगीत नाही, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. त्याच्या जागी जो आत होता त्याची बायको माझा हात धरून बसली होती. तिला आठवा महिना होता.

टीव्हीवरची बाई तीच तीच वाक्यं पुन्हा बोलत होती. गाळ्यांच्या इमारतीला आग, आतला माळा कोसळला, अग्निशमन दलाचे दोन जवान खाली अडकले. मग दोन नावं. पहिलं आमच्या केंद्रातल्या लीडिंग फायरमनचं, म्हणजे तुकडी चालवणाऱ्याचं, दुसरं माझ्या मुलाचं. सकाळचे साडेदहा झाले होते. एकीच्या घरी आम्ही सात-आठ बायका होतो, सगळ्या क्वार्टर्समधल्या. नाव ऐकल्यावर कोणीतरी आवाज बंद केला आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी टीव्हीकडेच बघत राहिले. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि उजव्यात सुरू झाला होता. मला नुसता राखाडी रंग हलताना दिसत होता.

"काकी," माझा हात धरलेली म्हणाली, "नावं चुकतात. ह्या लोकांना काय, कागदावरून वाचतात. चला, आपण चपला बघून येऊ."

हे चपलांचं सांगायला हवं.

आम्ही केंद्राच्या मागच्या इमारतीत राहतो. पुढे बंब उभे असतात, मागे आमच्या खोल्या. माझा नवरा ह्याच केंद्रात बंबावर ड्रायव्हर होता. तो आजारात गेला, आगीत नाही. पुढे मुलगा भरती झाला, म्हणून खोली राहिली. सून दोन वर्षं राहून माहेरी गेली आणि परत आली नाही, तो विषय वेगळा. मी चौथी शिकलेली. लग्न होऊन घाटकोपरच्या पुढच्या ह्या वस्तीत आले तेव्हापासून घंटा ऐकते आहे. घंटा झाली की हातातलं काम क्षणभर थांबतं, गाडी फाटकाबाहेर गेली की पुन्हा सुरू होतं. नव्या सुना सुरुवातीला खिडकीत धावतात. वर्षभरात त्याही धावायच्या बंद होतात.

खाली गाडीच्या दाराशी माणसांचे गमबूट रांगेत उभे असतात, त्यांच्यावर पँट आधीच गुंडाळून ठेवलेली. वर्दी, म्हणजे मदतीची हाक, आली की चपला काढायच्या, बुटात पाय घालायचे, पँट वर ओढायची आणि चढायचं. चपला जिथे पडतील तिथे पडतील. गाडी गेली की लादीवर चपलांची रांग उरते. त्या चपला कोणी हलवायच्या नाहीत. झाडू मारणारासुद्धा त्यांच्या कडेने झाडू मारतो. ज्याच्या त्याने परत येऊन घालायच्या. हे कुठे लिहिलेलं नाही. माझ्या सासूच्या वेळीही असंच होतं म्हणतात.

वर्दी चालू असताना बायकांनी केंद्रात फोन करायचा नाही, विचारायला जायचं नाही. फोनवर एकच माणूस असतो, त्याला कामं असतात. म्हणून आम्ही खाली जाऊन लांबून चपला बघतो. ह्याची निळी पट्टी, त्याची टाच झिजलेली, अमक्याची कोल्हापुरी. बघायचं आणि परत वर यायचं. तेवढ्यात कळतं कोण गेलं, कोण नाही.

एरवी ह्यात रडण्यासारखं काही नसतं. फाटकाजवळ फळा आहे, त्यावर रोजच्या वर्द्या खडूने लिहितात. झाड पडलं. लिफ्टमध्ये माणूस अडकला. मांज्यात घार अडकली. मुलाने कुकरच्या भांड्यात डोकं घातलं. आम्ही भाजी आणायला जाताना तो फळा वाचतो आणि हसतो. दसऱ्याला गाड्या धुऊन झेंडूचे हार घालतात, पूजा होते, शाळेची मुलं येऊन शिडीवर चढतात, त्या दिवशी सगळ्या क्वार्टर्सचं जेवण खालीच. हळदीकुंकूसुद्धा आम्ही बंबाच्या बाजूला सतरंजी घालून करतो. एकदा मध्येच घंटा झाली आणि तिळगुळाचं ताट गाडीच्या पायरीवर राहून मुलुंडपर्यंत जाऊन आलं. लाडू परत आले नाहीत.

तर त्या दिवशी आम्ही चपला बघायला खाली गेलो. जिने उतरताना तिने एका हाताने कठडा धरला होता, दुसऱ्याने मला. पुढे जाऊन तीच वाकली, मला नीट दिसत नाही हे तिला माहीत होतं.

"ही कोल्हापुरी लीडिंग काकांची," ती म्हणाली. मग हळू म्हणाली, "आणि ही तुमची, काकी. अंगठ्याला तांबडा दोरा आहे ती."

तांबडा दोरा मीच घातला होता. चांभार दुकान बंद करून गावी गेला होता, म्हणून दाभणाने मीच शिवली होती. ती चप्पल माझ्या मुलाची होती हे खरं. त्या दिवशी ती त्याच्या पायात नव्हती. सकाळी साडेसातला मीच ती दुसऱ्याच्या पुढे सरकवली होती.

आमच्या दारासमोरचं दार तिचं. तिचा नवरा माझ्या मुलापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, त्याच केंद्रात फायरमन. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मला तीन वेळा पुढे ढकलून मिळाली होती. चौथी त्या दिवशीची. पहाटे जाऊन रांगेत कागद द्यायचे, मग अकरानंतर मुलगा मला न्यायला येणार, असं होतं. मुलाची नेमकी सकाळची ड्युटी. रजा मिळाली नाही. मी आदल्या संध्याकाळी जिन्यात समोरच्याला गाठलं.

"तुझी उद्या सुट्टी ना रे?"

"आहे."

"दुपारपर्यंत त्याच्या जागी उभा राहा."

तो डोकं खाजवायला लागला. "काकी, हिने शपथ घातलीय. बाळ होईपर्यंत कोणाची बदली करायची नाही म्हणून. स्वतःची ड्युटी तेवढी करा म्हणते."

"मग राहू दे."

"आणि तुमचा डोळा?"

"दुसरा आहे."

"त्या दुसऱ्याने तुम्ही परवा आमटीत मीठ म्हणून साखर घातलीत. आम्ही दोघांनी खाल्ली ती. काही बोललो का?"

"बोलायचं होतंस."

"करतो मी उभा. पण हिला सांगू नका. मी चेंबूरला सासूकडे पाळणा आणायला जातो म्हणून सांगतो. एकपर्यंत सुटलो की खरंच जाऊन आणतो."

मी हो म्हटलं. लीडिंग फायरमनने तोंडी परवानगी दिली. रजिस्टरवर माझ्या मुलाचंच नाव राहिलं. अर्ध्या दिवसाची बदली तेव्हा कोणी लिहीत नसे.

सकाळी मुलगा सहालाच इस्पितळात गेला, बूट घालून. साडेसातला समोरचा दार उघडून बाहेर आला, तोही बूट घालून, कारण बायको दारात उभी होती आणि तो मोटारसायकलवरून चेंबूरला जात होता. "आईला सांगा, पाळण्याच्या कड्या पण द्यायच्यात," ती म्हणाली आणि दार लावलं. तो माझ्या दाराशी आला. बूट काढून माझ्या हातात दिले आणि दाराबाहेर पडलेल्या माझ्या मुलाच्या चपलांकडे बोट दाखवलं. मी पायानेच त्या त्याच्याकडे सरकवल्या. लेसचे बूट घालून बंबाशी उभं राहता येत नाही. तो हसला, ओठांवर बोट ठेवलं आणि खाली गेला. त्याचे बूट मी आत आणून माझ्या खाटेखाली सारले.

नऊच्या सुमारास घंटा झाली होती. मी तेव्हा ऑपरेशनला जायचं म्हणून डोक्यावरून अंघोळ करत होते.

चपला बघून झाल्यावर तिने मला वर आणलं. माझ्याच खोलीत, माझ्याच खाटेवर बसवलं. बायका दारात उभ्या राहिल्या. तिने त्यांना सांगितलं, "गर्दी नका करू. मी आहे काकींजवळ." त्या गेल्या. तिने पंखा लावला, पाणी दिलं, चहा टाकला. आठ महिन्यांचं पोट घेऊन ती माझ्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधत होती.

"साखर कुठेय?"

"मिठाच्या बाजूला."

"काकी, त्या दोन बरण्या वेगळ्या ठेवा हो," ती म्हणाली, आणि मग आपण ह्या वेळी असं बोललो म्हणून तिला वाईट वाटलं. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तिच्या टाचांच्या मागे, खाटेखाली, तिच्या नवऱ्याचे बूट होते.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. नंतर लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की ती पोटुशी होती, तिला धक्का बसला असता, म्हणून बोलले नाही. सगळ्यांना ते पटलं. पण ते खरं नव्हतं. टीव्हीवर नाव आल्यापासून माझ्या मनात एकच गोष्ट होती की माझा तिथे नाही. तिच्या पोटाचा विचार मी केलाच नव्हता. माझा जिवंत आहे, हे थोडा वेळ मला एकटीलाच हवं होतं. ते सांगितलं असतं तर त्याच्यासोबत दुसरंही सांगावं लागलं असतं.

माझा फोन वाजला. साधा बटणांचा फोन, त्यातला आवाज बाहेर जात नाही.

"आई, मी आहे," मुलगा म्हणाला. "इथे टीव्हीवर माझं नाव दाखवतायत. घाबरू नको. मी इस्पितळात आहे."

"हो."

"तो आत आहे गं. मी चाललो तिकडे. तू तिला सांग. टीव्हीवरून नको कळायला, तू सांग. ऐकलंस?"

"हो. कळलं."

मी फोन ठेवला. तिने विचारलं, "कोण?"

"बहीण माझी," मी म्हटलं. "टीव्ही बघून केला."

माझी बहीण वारून चार वर्षं झाली. हे तिला माहीत नव्हतं.

"त्यांना सांगायचं ना, काढतील म्हणून. आपली माणसं आहेत तिथे. आपली माणसं आपल्या माणसाला सोडत नाहीत," ती म्हणाली. मग तिने डोळे पुसले. माझ्या मुलासाठी ती रडत होती. मी चहा प्यायले. गोड झाला होता.

मग ती म्हणाली, "थांबा, ह्यांना फोन करते. हे गेले तर मदत होईल, ह्यांची सुट्टी असली म्हणून काय." तिने नंबर लावला. फोन वाजत राहिला. तो खाली कपाटात वाजत असणार, ड्युटीवर फोन कपाटातच राहतो. "उचलत नाहीत. गाडी चालवत असतील. ह्यांना आजच बरा पाळणा सुचला," ती म्हणाली. "आईला लावते. पोचले असतील आता तिकडे."

आई सांगणार होती की जावई आलेलाच नाही. मी तिच्या हातातून फोन घेतला. ती माझ्याकडे बघायला लागली. मी खाली वाकले, खाटेखालून बूट काढले आणि तिच्यापुढे लादीवर ठेवले.

तिने बुटांकडे बघितलं. नवे होते, दिवाळीला तिनेच घेतले होते.

"हे इथे कसे?"

"सकाळी त्याने ठेवले. माझ्या मुलाच्या जागी तो उभा राहिला. माझ्या डोळ्याचं होतं म्हणून. मीच सांगितलं त्याला."

"खाली तांबडा दोरा..."

"त्याने घातली होती ती चप्पल."

"आणि तुमचा?"

"इस्पितळात होता. आता तिकडे गेलाय."

"मगाशी फोन त्याचा होता."

"हो."

ती ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल. तिने माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला, तो अजून तिथेच होता. मग म्हणाली, "मी तुमच्यासाठी रडले, काकी. तुम्ही मला रडू दिलंत." आणि खाटेच्या कडेला हात टेकून उठली.

मी तिच्यामागे खाली गेले. ती सरळ चपलांजवळ गेली आणि लादीवर बसली. कोणीतरी खुर्ची आणली, तिने नको म्हटलं, मग दोघींनी धरून तिला खुर्चीत बसवलं. बायकांना पाच मिनिटांत सगळं कळलं. ज्या माझ्याभोवती होत्या त्या तिच्याभोवती गेल्या. पाण्याचा तांब्याही तिकडे गेला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला वर जाता आलं असतं, पण ते बरं दिसलं नसतं, आणि वर जाऊन करायचं तरी काय होतं.

लीडिंग फायरमनचं सांगते. तो एकटाच क्वार्टर्समध्ये राहायचा. निवृत्तीला थोडे महिने उरले होते, म्हणून बायको आधीच कणकवलीकडच्या गावी घर लावायला गेली होती. पूर्वी ती आमच्याच मजल्यावर राहायची. तो फार बोलायचा नाही. नव्या मुलांना ड्रिल शिकवताना मात्र त्याचा आवाज चौथ्या मजल्यावर यायचा. "पाणी सोड म्हटलं की सोडायचं, विचार घरी जाऊन करायचा." माझ्या मुलालाही त्यानेच शिकवलं. संध्याकाळी तो खाली बाकावर बसून कोल्हापुरीला तेल लावायचा. त्या दिवशी ती कोल्हापुरी तांबड्या दोऱ्याच्या चपलेच्या बाजूलाच पडली होती, एक सरळ, एक आडवी.

बारानंतर कधीतरी फोनवरचा माणूस बाहेर आला. सगळ्या त्याच्याकडे वळल्या. तो म्हणाला, "एक मिळाला."

"कोण?" कोणीतरी विचारलं.

"कळवलं नाही. वायरलेसवर नुसतं एक म्हणाले."

"जिवंत?"

तो आत गेला. सगळ्यांना उत्तर कळलं.

त्यानंतर अर्धा तास गेला असेल. तेवढ्या वेळात तिथे काही झालं नाही, तरी मला तोच अर्धा तास सगळ्यात नीट आठवतो. गाड्या नसल्या की ती जागा फार मोठी वाटते. लादीवर तेलाचे डाग, पाण्याचा एक पाईप, आणि चपला. ती खुर्चीत बसून तांबड्या दोऱ्याच्या चपलेकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. मी देवाला फारसं काही मागत नाही. तेव्हा मागितलं. मिळाला तो दुसरा असू दे, हेच मागितलं. तीही तेच मागत होती, आणि बाकीच्या बायकाही तेच. कोल्हापुरीजवळ कोणीच उभं नव्हतं. त्या माणसासाठी त्या वेळी केंद्रात मागणारं कोणी नव्हतं, आणि आम्ही आठ जणी त्याच्या विरुद्ध मागत होतो. मी हे कोणाला आजवर बोलले नाही. त्या आठ जणींपैकीही कोणी बोललेली मला माहीत नाही.

मग तिचा फोन वाजला. माझ्या मुलाने तिलाच केला होता, मला नाही. तिने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"वहिनी, काढला बाहेर. बोलतोय. पाणी मागतोय. पाय अडकला होता, पायाला लागलंय जोरात. इस्पितळात नेतायत. मी गाडीतच आहे त्याच्यासोबत."

"त्यांना द्या फोन."

खरखर झाली. मग त्याचा आवाज आला, लांबून आल्यासारखा. "पाळणा राहिला गं."

"राहू दे," ती म्हणाली. "तुम्ही खोटं बोललात. घरी या, मग बघते."

मग ती रडली. बायकाही रडल्या. मी नाही रडले. मी कोल्हापुरीकडे बघितलं, कारण आता ते उत्तर तिथेच येऊन थांबलं होतं. मला तेव्हा कोणीतरी त्या चपलेजवळ उभं राहायला हवं असं वाटलं. म्हणून मी भिंत सोडली आणि जाऊन उभी राहिले. उशिरा उभी राहिले.

नंतर समोरच्याने सांगितलं ते एवढंच. दोघं एकामागे एक माळ्याखालून चालले होते. लीडिंग फायरमन पुढे, हा मागे. "माझ्याकडे बघून चाल, आज तू पाहुणा आहेस," असं तो ह्याला म्हणाला होता. माळा पुढून पडला. तो पुढे होता आणि हा मागे, एवढाच फरक. त्याने ह्याला वाचवलं वगैरे काही लोक सांगतात. समोरचा तसं सांगत नाही.

लीडिंग फायरमनची बायको दुसऱ्या दिवशी सकाळी आली, रात्रभर एसटीत बसून. सोबत भाऊ होता. तोवर कोल्हापुरी तिथेच होती. आदल्या दिवशी संध्याकाळी गाड्या परत आल्या तेव्हा ड्रायव्हरने बंब हातभर अलीकडे लावला, चाक चपलेवर जाऊ नये म्हणून. तिने आल्या आल्या पहिल्यांदा तेच विचारलं. "हलवल्या नाहीत ना कोणी?"

"नाही," मी म्हटलं.

ती वाकली. सरळ होती ती उचलली, आडवी होती ती उचलली, पदराने पुसल्या आणि कापडी पिशवीत घातल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तेल लावलेलं दिसतंय." तिला बसायला सांगितलं तर बसली नाही.

त्या दिवशी फळ्यावर कोणी काही लिहिलं नाही. आदल्या दिवशीची वर्दी तशीच राहिली. गाळ्याला आग, एवढंच होतं त्यात.

चौकशी झाली. बदली रजिस्टरवर का नाही, परवानगी कोणी दिली, असं विचारलं. परवानगी देणारा राहिला नव्हता. माझ्या मुलाला आणि समोरच्याला लेखी समज मिळाली. आता अर्ध्या तासाची बदली असली तरी लिहितात आणि सही घेतात. चपलांची पद्धत आहे तशीच आहे. मात्र दुसऱ्याची चप्पल घालून कोणी खाली जात नाही. हेही कुठे लिहिलेलं नाही.

समोरच्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्याला आता कार्यालयात बसून करायचं काम दिलं आहे. माझं ऑपरेशन दोन महिन्यांनी झालं. मुलाने रजा काढली, लेखी. आता मला दोन्ही बरण्या ओळखू येतात.

तिची माझ्याशी बोलचाल आहे. पाणी किती वाजता येणार, कचरेवाला येऊन गेला का, एवढी. पूर्वी ती आमटीची वाटी न विचारता आणून ठेवायची, आता विचारून आणते. बारसं खाली बंबाच्या बाजूलाच झालं, सतरंजी घालून. मला बोलावलं होतं. पाळणा चेंबूरहून तिच्या आईने आणला. मी गेले, अंगडं दिलं आणि मागे बसले.

बूट माझ्याकडेच राहिले होते. त्या दिवशी लादीवर ठेवले ते संध्याकाळी मी पुन्हा खाटेखाली सारले. सहा-सात महिने मी त्यांच्याबद्दल काही बोलले नाही. एक दिवस दुपारी ती दारात आली. मूल कडेवर होतं.

"ह्यांचे बूट द्या."

मी काढले. धूळ बसली होती, ती पुसली. दोन्ही तिच्यापुढे धरले. मला वाटलं एकच घेईल.

"दोन्ही द्या," ती म्हणाली. "जोड आहे तो."

तिने लेसना धरून ते उचलले आणि समोरच्या दारात गेली.

त्या दिवशी आत दोघं गेले होते. लीडिंग फायरमन गेला. समोरच्या घरातला वाचला.